टोकन नंबर ४१७

चिंच लावून, टूथब्रशने मी ते टोकन असं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं. क्वालिटीत पंचवीस वर्षं काढलीत मी. तपासायच्या आधी पार्ट पुसू नका, असं ट्रेनींवर ओरडणारा मीच.

टोकन पितळी, रुपयाएवढं, वर भोक, मधे ४१७ आकडा कोरलेला. चाकणच्या आमच्या शॉपमधलं जुनं लेथ मशीन ओव्हरहॉलला उघडलं, तेव्हा त्याच्या पायातल्या पोकळीत, गाळात सापडलं. साहेब खूश.

"पुढच्या आठवड्यात कस्टमर येतायत. लॉबीत ठेवू. आपल्या कंपनीचं पहिलं टोकन!"

"सर, मशीन सेकंडहँड आहे. पिंपरीतल्या बंद पडलेल्या कंपनीतलं."

"मग कुणाचं ते शोधा."

त्या कंपनीचं टूल स्टोअर सांभाळलेले दगडूनाना पिंपरीतच राहतात, असं मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलं. गेलो. नंबर वाचताच नानांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सोपानचं हाय का हे?"

मग पद्धत सांगितली. प्रत्येक कामगाराकडे आपल्या नंबरची पाच टोकनं. मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, हवा तर टोकन द्यायचं. ते मायक्रोमीटरच्या जागी खिळ्याला लटकणार. मायक्रोमीटर परत दिला की टोकन परत. एकदा मायक्रोमीटर गायब, खिळाही रिकामा. शेवटी तो नेला होता लेथवरच्या सोपान टर्नरने, आणि त्याच्याकडे टोकनं चारच. तो म्हणे, मायक्रोमीटर दिला, टोकन घेतलं, ते मशीनपाशी कुठंतरी पडलं. नाना म्हणाले, खोटं. टोकन खिळ्यावरून पडलं असेल, मायक्रोमीटर याच्या घरी.

"समद्यांसमोर चोर म्हनलो त्याला. सेंडऑफचा नारळबी घेतला न्हाई त्यानं. तवापासून बोलणं न्हाई. आन् तुमच्याकडं आलेलं मशीन त्याचंच." नानांनी टोकनाकडे बोट केलं. "पर रंग कुठला व्हता? ४१७ असेंब्लीतबी व्हता. मशीन शॉपच्या आकड्यात तांबडा भरायचो, तिकडं हिरवा."

मी टोकनाकडे पाहिलं. त्यात माझंच तोंड.

"घासलंत?"

"चिंचेनं."

"क्वालिटीत हाय म्हनालात न्हवं?"

घरी फोन लावला, स्पीकरवर. "अगं, परवा मी टोकन घासलं, तेव्हा वाटीत रंग कुठला उतरला?"

"तांबडा. पोपडेच्या पोपडे. चिंच आमटीची होती आणि वाटी नैवेद्याची!"

नानांनी टोपी चढवली. "सोपान चऱ्होलीला असतो. चला."

सोपानरावांनी दार उघडलं. नानांनी दोन्ही हातांनी टोकन पुढे धरलं. "तुझ्या मशीनमधी घावलं. तू खरा व्हतास, सोपान. मीच चुकलो."

सोपानरावांनी ते बराच वेळ उलटंपालटं केलं. "माझं एवढं चकचकीत कधीच नव्हतं," म्हणाले. मग बाजूला सरकले. "आत ये, दगडू."

"लॉबीत काय ठेवायचं मग?" साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"फोटो ठेवू, सर. टोकन मालकाला परत गेलं."

धडा एवढाच: जुनी वस्तू हाती आली की आधी नीट बघावी आणि चिंच आमटीत घालावी.

बायकोला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडूनच ओट्याशेजारी एक खिळा ठोकून घेतला.

"आता इथून वाटी उचललीत, की तुमचं टोकन इथं लटकवायचं," ती म्हणाली. "आणि पाच नाही, एकच मिळेल."