एकही खाडाखोड नसलेल्या वह्या

निपाणीहून बेंगळुरूला वेबसाइट बनवायला शिकायला आले, तेव्हा बनशंकरी भागातल्या एका क्लासमध्ये मी सगळा कोड वहीत उतरवून घ्यायचे. कोड निळ्या पेनाने, खालच्या रेघा लाल पेनाने. शाळेत तसंच शिकवलं होतं: सुवाच्य लिहा आणि पाठ करा. क्लासचे सरही रोज वही बघून बरोबरची खूण करायचे. त्या माणसाचा मला अजून संताप येतो. कॉम्प्युटरवर बस, चार वेळा चुकव, असं एकदाही म्हणाला नाही!

नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला मी क्लासमध्ये भरलेल्या तिन्ही वह्या घेऊन गेले. समोरच्या बाईंनी त्या न उघडताच लॅपटॉप पुढे केला आणि एक साधा फॉर्म बनवायला सांगितला. नाव लिहायचं, बटण दाबायचं, एवढंच. मी पाठ केलेलं घडाघडा लिहिलं. बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"सरी, ठीक आहे, कुठे चुकलंय ते शोधा," त्या कानडी वळणाने म्हणाल्या. वीस मिनिटं मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले. चूक शोधायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

परतताना बसमध्ये रागारागाने तिन्ही वह्या चाळल्या. एकही खाडाखोड सापडली नाही.