ताईनं लावून दिलेली सेटिंग

मी लग्नाचे व्हिडिओ करून देतो. लग्नाच्या हंगामात माझ्याशी कोणी बोलू नये. घरचे सांगतात, मी तेव्हा जेवतानाही वसकन अंगावर येतो. आमच्याकडे मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली की सगळं घर लग्नाचा व्हिडिओ बघायला टीव्हीसमोर बसतं. तोवर व्हिडिओ हातात नसेल तर आमगावहून फोन, देवरीहून फोन. आणि माझा कॉम्प्युटर एकेका लग्नाचा तयार व्हिडिओ बाहेर काढायला अख्खा दिवस घ्यायचा.

म्हणून जास्तीची लग्नं मी मागच्या घरातल्या ताईकडे द्यायचो. ती आधी विड्या वळायची. माझा जुना कॉम्प्युटर नेऊन, हिंदी व्हिडिओ बघून ती एडिटिंग शिकली आणि विड्या सोडल्या. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण मी असाच आहे.

यंदा हंगाम सुरू होताना ती कामाचा पेनड्राइव्ह न्यायला आली आणि माझी चिडचिड बघत उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरच्या बोर्डात प्रोसेसरची स्पीड आपोआप वाढवाची सेटिंग आहे. माझ्या जुन्या मशीनीत नाही. चालू काऊन नाही करत?"

"प्रोसेसर जळला म्हणजे?"

"कायले भेऊन राहिले? आपल्या हातानं आकडे वाढवले का धोका. हे बोर्ड आपणच पाहून वाढवते, लय तापला का आपणच कमी करते. पहिले धूळ त काढा."

तिनंच कॅबिनेट उघडलं. पंख्यातून एवढी धूळ निघाली की मला लाज वाटली. मग मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबून ती सेटिंगच्या आतल्या पानावर गेली, ती एकच सेटिंग चालू केली आणि बाकी कशालाही हात लावू दिला नाही. पडद्यावर तापमान दाखवणारी खिडकी उघडी ठेवून एका लग्नाचा व्हिडिओ काढायला लावला. आकडा चढला, एका जागी थांबला. ती चहा पिऊन होईपर्यंत त्याच्याकडेच बघत होती. गरम झालं की वेग थोडा उतरायचा, परत चढायचा. मशीन बंद पडलं नाही.

फरक फार मोठा नव्हता. सकाळी लावलेलं लग्न दिवेलागणीऐवजी दुपारी चारला निघायला लागलं, एवढंच. पण तेवढ्यात माझं सगळं काम माझ्याच टेबलावर मावलं. माझ्याकडून जे थोडं उरायचं, तेच तिचं अख्खं काम होतं. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि तरी मी पुढचा पेनड्राइव्ह स्वतःकडेच ठेवला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवली असेल.

एकदा वाटलं, सेटिंग बंद करून टाकू, म्हणजे काम आपोआप तिच्याकडे जाईल. मग माझाच मला राग आला. तिला काम द्यायला सेटिंग कशाला बंद करावी लागते? एक पेनड्राइव्ह उचलून तिच्या दारात नेऊन द्यायचा, बस. मला ते करायचं नव्हतं. सगळं एकट्यानं करण्याची चटक लागली होती.

परवा दुपारी ती आली. बसली नाही.

"भाऊ, विडीवाल्याचा माणूस विचारून राहिला. विड्या वळाले पान घेऊ का थांबू, तेवढं सांगा. तुमचं काम लवकर झालं त तुम्ही जास्त लग्नं घ्यान, मंग मलेही जास्त येईन, म्हणून त मी ते लावून देली होती."

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "यंदा लग्नंच कमी आहेत, ताई."

"बरं," ती म्हणाली. तेवढ्यात माझ्या पाठीमागे मशीन टिंग वाजलं. एक लग्न पूर्ण झालं होतं आणि पडद्यावर खाली रांगेत पुढची चार दिसत होती. ती वाकून बघायला लागली. मला वाटलं, आता ती मोजेल.

तिनं फक्त तापमानाचा आकडा बघितला.

"पाहा," ती खूश होऊन म्हणाली, "म्हणली होती ना, काही होत नाही."

मी हो म्हणालो.