चार नंबरची पेटी

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून सगळे कात्री म्हणतात. नको ते घरात ठेवायचं नाही, हा त्याचा खाक्या. तुटक्या छत्र्या, रद्दी, बाबांचा बंद पडलेला रेडिओ, सगळं त्याने वाटेला लावलं. स्वतःच्या घराची दुसरी किल्लीसुद्धा फेकून दिली. ती माझ्याकडे ठेव म्हटलं, तर म्हणाला, एक पुरते, दोन असल्या की माणूस दोन्ही हरवतो. त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कामही त्याला तसंच मिळालं. संगणक सुरू केला की त्यात सगळ्यांत आधी कर्नेल जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, घरातल्या कर्त्या माणसासारखा. तयार मिळणारा कर्नेल जगातल्या सगळ्या यंत्रांना पुरेल असा गलेलठ्ठ असतो. कात्री त्यातलं नको ते छाटून समोरच्या यंत्राच्या मापाचा कर्नेल बेतून देतो.

मी रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाची मुख्य परिचारिका. अकरा उबदार पेट्या आणि त्यांत अपुऱ्या दिवसांची अकरा बाळं. पेट्या जुन्या, स्वतः ओरडत नाहीत. ऊब उतरली की टेबलावरचा संगणक घंटा वाजवतो. त्यात तापमान मोजणारं नवं कार्ड बसवलं, पण जुना कर्नेल त्याला ओळखेना. तेव्हा कक्षाच्या डॉक्टरबाईंना भावाचं नाव मीच सुचवलं. वर फुशारकीने म्हणाले, अर्ध्या तासाचं काम.

सकाळी अकराला त्याने संगणक भिंतीपासून पुढे ओढला, नवा कर्नेल घातला आणि जागा अडते म्हणून जुना पुसून टाकला. मग यंत्र बंद करून सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या आणि मध्येच थांबल्या. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, डिस्क वाचणारा तुकडा कर्नेलच्या आत घालायला हवा होता," तो हळूच म्हणाला. "मी तो वेगळा ठेवला. डिस्कवरच."

"म्हणजे?"

"कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावलं."

"मग जुना चालव."

त्याने पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. तेव्हा मला आठवलं, जुना त्याने पुसलाय.

नवा कर्नेल त्याच्या लॅपटॉपवर पुन्हा बांधून पेनड्राइव्हवरून चालवायला पंचवीस मिनिटं लागणार होती. डॉक्टरबाई एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, त्याने मी जास्तच घाबरले. त्यांनी पेट्या वाटून दिल्या: दोघी परिचारिकांना चार-चार, मला तीन. दर पाच मिनिटांनी प्रत्येक बाळाचं तापमान हाताने घ्यायचं. माझ्या वाटणीला दोन, चार आणि नऊ नंबर. घाईत माझ्या हातून थर्मामीटर दोनदा निसटला. पहिल्या फेऱ्या ठीक गेल्या. मग नऊ नंबरचं बाळ श्वास घ्यायचं थांबलं. त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारत, डॉक्टरबाईंना हाका मारत मी तिथेच अडकले. त्याने श्वास घेतला तेव्हा कुठे माझाही सुटला.

तेवढ्यात घंटा वाजली. आधी मला हायसं वाटलं, यंत्र परत आलं म्हणून. मग पडद्यावर लाल चौकोन दिसला. चार नंबर. माझीच पेटी, आणि माझ्या दोन फेऱ्या चुकलेल्या.

पेटीचा प्लग भिंतीतून अर्धा बाहेर आला होता. संगणक ओढताना वायर ताणली गेली होती. मी बाळाला उचलून झग्याच्या आत उराशी धरलं. त्याचे पाय गार होते. मी आयुष्यात इतकी कधी भ्यायले नव्हते. कात्री भिंतीला टेकून उभा होता, रडत होता, आणि त्याला जवळ घ्यायला माझे हात मोकळे नव्हते.

दुपारपर्यंत बाळाचे पाय ऊब धरू लागले. पुढे ते घरीही गेलं.

आता तो संगणक सुरू होताना दोन नावं दाखवतो, नवा कर्नेल आणि अडचणीसाठी पुन्हा घातलेला जुना, आणि निवडीसाठी थोडा थांबतो. ते कात्रीनेच केलं. त्यानंतर आठवड्याने तो माझ्याकडे आला, चहा घेतला आणि जाताना टेबलावर किल्ली ठेवली. त्याच्या घराची, नवी कापून आणलेली.

"असू दे तुझ्याकडे," म्हणाला.

एरवी मी टोमणा मारला असता. पण मला ते गार पाय आठवले, आणि मी किल्ली मुठीत घट्ट धरून बसले.