आईचं मागणं

आमच्या घरी रोज संध्याकाळी पवित्र माळेची प्रार्थना होते. पुरुषोत्तमनगराला लागून असलेल्या आमच्या वस्तीत कॅथलिक घरं सात. सगळ्यांचे आजे-पणजे सातपुड्यातून खाली उतरलेले. डोंगरातली बोली आता म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढी उरली आहे, घराघरांत अहिराणी चालते आणि देवाशी मात्र आम्ही पुस्तकी मराठीत बोलतो. माळेला सातही घरं आमच्याकडे जमतात, आणि ती संपली की प्रत्येकाने आपलं मागणं मोठ्याने मांडायचं, असा आमचा रिवाज. कुणी मुलाला नोकरी मागतं, कुणी विहिरीवरची मोटर जळू नये म्हणून मागतं. माझी आई सगळ्यांच्या शेवटी बोलायची, तीही पुस्तकी मराठी बाजूला ठेवून, आणि सहा वर्षं तिचं मागणं एकच होतं.

"देवा, माले लवकर ली जाय. मन्ही पोर तुन्हा कामले मोकळी व्हऊ दे."

त्यावर सगळ्यांनी म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." माळ मी चालवायचे, त्यामुळे सगळ्यांत आधी माझाच आवाज निघायचा.

हे असं का झालं ते सांगते. कॉलेज संपल्यावर मी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेले. आमच्या वस्तीतून मठात जाणारी मी पहिलीच. निघायच्या दिवशी मला पाटावर बसवून बायकांनी माझे पाय धुतले, ढोल वाजला, सातही घरांनी मिळून मला पत्र्याची पेटी दिली. आईने स्वतःच्या हाताने त्या पेटीला कुलूप लावलं. लग्न करून गेलेली पोर माहेरी परत आलेली लोकांनी पाहिली आहे, पण देवाला दिलेली पोर परत येते हे आमच्याकडे कुणाला माहीतच नव्हतं.

मठात मला कुणी छळलं नाही. सिस्टर चांगल्या होत्या, जेवण बरं होतं, बागेत गुलाब होते. मला तिथे राहायचं नव्हतं, एवढंच. सकाळी घंटा झाली की उठायचं, घंटेला गप्प बसायचं आणि घंटेलाच हसायचं. मी भांडकुदळ बाई, माझा जीव घुसमटायचा. पहिली व्रतं घ्यायला दोन महिने राहिले तेव्हा मी स्वतः अर्ज दिला की मला घरी जायचं आहे. मोठ्या सिस्टरांनी विचार करायला आठवडा दिला, मी तोच अर्ज पुन्हा दिला. त्यांनी डोक्यावर हात ठेवून मला निरोप दिला.

त्याच आठवड्यात आई न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी पेटी घेऊन दारात आले तेव्हा सातही घरं तिच्या खाटेभोवती जमली होती. मी तोंड उघडायच्या आत शेजारची काकू म्हणाली, "पाहा, मायसाठे सिस्टर धावत उनी." मी काही बोलले नाही. खोटं मी बोललेच नाही, फक्त खरं गिळलं. त्या दिवशी ते किती सोपं गेलं.

मग त्यातून पाय सुटेना. आई बरी होईपर्यंत मी थांबले आहे, असं लोकांनी धरलं. आई काठी घेऊन चालू लागली, तेव्हा ती असेपर्यंत मी थांबले आहे, असं धरलं. मला सगळे सिस्टरच म्हणत राहिले, किराणावालासुद्धा. लाल साडी नेसले तर काकू हळूच विचारायची, "कोनी दिधी व्हई?" भाजीवालीशी घासाघीस केली की तीच ओशाळायची. जवळच्या शाळेतल्या एका मास्तरांनी स्थळ म्हणून आपल्या भावाचं नाव काढलं, तर त्यांच्या बायकोने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. आजूबाजूच्या पाटलांच्या बायकाही तापलेली लेकरं माझ्याकडे आणायच्या, कपाळावर हात ठेवा म्हणायच्या. मी ठेवायचे. लेकरू बरं झालं की मला भीती वाटायची, कारण एक गाठ आणखी पक्की व्हायची.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, थोड्या दिवसांसाठी कशाला. ती देवाची वाट अडवून बसली आहे, असं तिला मनापासून वाटायचं. माझ्या ताटात वाढताना तिचा हात अपराध्यासारखा व्हायचा. त्याचा मला राग यायचा, आणि तो राग मी तिच्यावरच काढायचे.

यातलं सगळ्यांत वाईट अजून सांगायचं आहे. आमच्याकडे फादर महिन्यातून एकदा येतात. मिस्सेच्या उपासनेआधी प्रार्थनाघरामागे निंबाखाली खुर्ची टाकून ते पापनिवेदन ऐकतात. मी दर वेळी रांगेत उभी राहायचे आणि सगळं सांगायचे: चिडले, चहाडी केली, प्रार्थनेत डुलकी काढली. हे एक सोडून. जाणूनबुजून पाप लपवलं की ते पापनिवेदनच खोटं ठरतं आणि मग क्रिस्तप्रसाद घेणं हे आणखी मोठं पाप, हे मीच वस्तीतल्या मुलांना धर्मशिक्षणात शिकवत होते. पण प्रसाद घ्यायला उठले नसते तर साऱ्या वस्तीने पाहिलं असतं. म्हणून मी उठायचे, तेही रांगेत पहिली.

या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात नवे फादर आले, वयाने माझ्याहून लहान. ते मला सिस्टर म्हणाले नाहीत, ताई म्हणाले. त्या एका शब्दाने माझा बांध फुटला आणि मी सहा वर्षांचं सगळं ओकले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आईला सांगा. प्रायश्चित्त म्हणून एवढंच करा."

मी म्हणाले, "फादर, मला माळा सांगा. पन्नास सांगा. शुक्रवारचे उपास सांगा."

"ते तुम्हाला सोपं जाईल, ताई," ते म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला की मी आभार न मानता उठले. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी त्याच मागण्यावर "ऐक" म्हणायचे. आईचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. वस्तीत तिला सिस्टरची माय म्हणून पहिल्या रांगेत बसवतात. ते तिच्याकडून काढून घ्यायचं, तेही तिला धड दिसत नसताना, म्हणजे मी कोण होणार होते?

शेवटी एका दुपारी ती ओसरीवर सुपात दादर ज्वारी निवडत बसली होती. दिसत नाही म्हणून बोटांनी खडे चाचपत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, अर्जासकट.

तिची बोटं थांबली.

"तुले तठे कोन्ही तरास दिधा का?"

"नही, माय. माले तठे ऱ्हावानंच नही व्हतं."

"म्हंजे तू मन्हामुये आडकेल नही?"

"नही."

मला वाटलं, आता रडेल किंवा हात उगारेल. मार खायची माझी तयारी होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. उसाची एक ट्रॉली गेली, तिची धूळ खाली बसली. मग ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेली भीती होती.

"मी त इतला साल मरन मांगत ऱ्हायनू," ती म्हणाली. "आनि त्यानी आते आयकं त?"

तिने चाचपत माझा हात शोधला आणि घट्ट धरला.

"माले आते जावानं नही. त्याले तू सांगी दे, बेटा. तुन्हं आयकस तो."

खरं बोलले की माझं सिस्टरपण गळून पडेल, असं मी धरून चालले होते. आई डोळे मिटून, हात जोडून बसली होती आणि मी प्रार्थनेला सुरुवात करायची वाट पाहत होती.