कुरडईचा तिसरा दिवस

त्या संकेतस्थळाने मला फसवलं आणि मी माझ्या गेलेल्या बायकोला.

झाशीच्या बड्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात रस्त्याकडेला पोतं पसरून केली होती. भाव करण्यात मला कुणी सहसा हरवत नाही, आणि माझं डोकं लवकर तापतं हेही बाजाराला ठाऊक आहे.

बायको गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. मुलगी ग्वाल्हेरला असते, मराठी समजते तिला, पण बोलते हिंदीतच. तिने एकदा आईच्या कुरडयांची रीत विचारली. फोनवर मला धड सांगता येईना. अमुक गोष्ट कशी करावी हे लोकांनीच लिहायचं आणि लोकांनीच दुरुस्त करायचं, असं एक संकेतस्थळ आहे. तिथे लिहिलं तर मुलीला मिळेल, शिवाय कुणीतरी वाचून दोन शब्द बोलेल, असं वाटलं.

गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं आणि दुसऱ्या दिवशी एक दाणा चिमटीत दाबून बघायचा. पांढरं दूध निघालं की वाटायला घ्यायचे. झाशीच्या मे महिन्यात ते दुसऱ्याच दिवशी निघतं. दिवस मोजू नका, दाणा दाबा, असं मी लिहिलं.

लगेच लेखाच्या माथ्यावर लाल पट्टी आली: 'निकृष्ट. कालावधी अनिश्चित.' तपासणारं यंत्र होतं. लाल पट्टीचा लेख शोधणाऱ्याला दिसतच नाही. मी 'दोन दिवस' असं घातलं. पट्टी म्हणाली, 'इतर लेखांशी विसंगत.' इतर लेख पुण्या-नाशकाकडचे, सगळ्यांत तीन दिवस. मी तक्रार केली, मग चिडून केली. दर वेळी आभाराचं तेच ठरीव उत्तर. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरलं तरी ते परत वळणार की नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळतं. इथे पाठही नव्हती.

आठवडाभर झगडलो. त्या दिवसांत घरी आल्यावर मला उत्तर देणारं तेवढंच होतं, हेही खरं. शेवटी 'तीन दिवस' लिहिलं आणि दाण्याची ओळ काढली. हिरवी पट्टी आली: 'उत्तम.' सौदा जिंकल्याच्या तोऱ्यात मी मुलीला लिंक पाठवली.

मे महिन्यात तिचा फोन आला. गहू नासले होते, घरभर वास सुटला होता, सगळे टाकून द्यावे लागले.

"बाबा, आई तो दो दिन में निकाल लेती थी ना? आपने तीन क्यों लिखा?"

"त्या यंत्राला तसंच हवं होतं."

"उसने आई के हाथ की कुरडई खाई थी क्या?"

मी तिची माफी मागितली. बायकोची मागायची राहिली.

'तीन दिवस' खोडून दाण्याची ओळ मी परत घातली. पट्टी लाल झाली आणि लेख दिसेनासा झाला. राहू दे. माझी चूक मी कबूल केली आहे. पण त्या यंत्रामागे पगार घेणारा कुणीतरी माणूस असेलच. माझ्या घरचे गहू न बघता त्याने खऱ्याला निकृष्ट आणि खोट्याला उत्तम कशाच्या जोरावर ठरवलं? आभार नकोत. त्याने उत्तर द्यावं, आणि खाली आपलं नाव लिहावं.