वास्त्यांचा डबा

तीन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, विद्यापीठासमोरच्या शाकाहारी खानावळीत अपमान झाला तो जंगलातल्या गावाहून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीचा. बाजारात वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचा, उग्र वास आला की ती दुपार आठवते. तिनं भात मागवून घरचा वास्त्यांचा डबा उघडला, तसा मालक खेकसला, "मटन आणलं का वं? बाहेर खाय!" "वास्ते हायेत, भाऊ. चाखून पाहा," म्हणत तिनं माझ्याकडे पाहिलं. सकाळीच मी तिच्या हाती समतेचं पत्रक दिलं होतं. मालक मलाही उठवेल म्हणून मी भ्यालो. म्हणालो, "जाय ना बाहेर, काऊन वाद करून राह्यली?" ती पायरीवर जेवली, मी पंख्याखाली वरण-भात संपवला. तुमच्या शेजारून कोणाला असं उठवलं, तर हातातला घास खाली ठेवा आणि बोला.