वसुधाताईंची दाढ

डॉ. वसुधाताई सोनारे यांच्या दवाखान्याचा जिना मी पहिल्यांदा चढले तो तणतणतच. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाशिकरोड भागात घरोघर जाऊन आजारी मुलांना इंजेक्शनं देणारी मी नर्स. मी जायचे त्या मुलांतली एक नंदा, नऊ वर्षांची. तापाने हृदयाची झडप बिघडलेली, चार पावलं चालली की धाप लागे. मुंबईचे सर्जन ऑपरेशनला तयार होते, पण आधी तिच्या किडक्या दाढा काढून आणा म्हणाले. तिथला पू रक्तातून हृदयात गेला तर पोर हातची जायची. आणि इकडे दोन दंतवैद्यांनी 'हृदयाची केस' हे शब्द ऐकताच हात झटकले होते. त्यामुळे मी ताईंना सरळ म्हटलं, "नाही म्हणायचं असेल तर बसा म्हणू नका."

ताई हसल्या. "बसू नकाच. पत्ता सांगा. आणि पोरीच्या घरी खिडकीत उजेड कधी येतो तेही सांगा."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून ताई हजर! नंदाची आई विंचूरची, मोठी मायाळू. "गोळी लय कडू हाय बाई, गूळ दिल्याबिगर गिळतच नाय पोरगी. तो चघळत झोपती बिचारी." भेटायला येणारा जो तो बिस्किटं नि लिमलेटच्या गोळ्या घेऊन येई, आणि आजारी लेकराला दात घासायला लावायचं म्हणजे तर पापच. घरोघरी हेच चाललेलं असे. ताईंनी मात्र त्या माउलीला एका शब्दाने दुखावलं नाही. "गूळ द्या, पण मागून चूळ भरायला लावा," एवढंच म्हणाल्या आणि अंथरुणाशेजारी तांब्या नि तस्त मांडून घेतलं.

पण नंदा तोंडच उघडेना. ताईंनी बॅटरी तिच्या हातात दिली आणि स्वतःच आ वासून बसल्या. "आधी तू माझे दात तपास."

नंदाने इकडून तिकडून उजेड पाडला आणि ओरडली, "आये, डॉक्टरबाईंची दाढ किडलीय! हे एवढं भोक हाय!"

आई शरमेने भिंतीकडे बघू लागली. मला हसू आवरेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! ताई जातील त्या घरी गोड चहा, आणि नको म्हटलं की माणसं रुसतात. त्याचं हे फळ.

"ठणकतेय कधीची," ताई म्हणाल्या. "भीती वाटते म्हणून टाळतेय."

"तुमाला बी भीती वाटती?"

"लय वाटते. असं करू, आधी मी माझी काढून घेते. मग तू तुझ्या काढू देशील?"

मला वाटलं, पोरीला गोडीत घेण्याचं बोलणं. पण पुढच्या खेपेला ताई आल्या त्या सुजलेला गाल घेऊन! नंदाने बॅटरी लावून काढलेल्या दाढेचं खिंडार नीट पाहिलं, "दुखलं का?" विचारलं, आणि आडवी होऊन तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताईंनी घाई केली नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, आधी औषध देऊन, दर खेपेला थोडं थोडं काम केलं. दुधाच्या दाढा आहेत, खाली नव्या वाट बघतायत, असं त्या नंदाला सांगत.

तेव्हापासून ताई बिनसाखरेचा चहा पितात. खिंडारात खोटी दाढ मात्र त्यांनी बसवली नाही. पुढे हरसूलच्या पाड्यांपासून इंदिरानगरपर्यंत, अंथरुणाला खिळलेलं जे पोर हटून बसे त्याच्यापुढे आधी डॉक्टरीणबाईच तोंड उघडत. मी कितीदा म्हटलं, "ताई, आता बसवून घ्या ना." त्या म्हणत, "वा! मग पोरांना दाखवू काय?"

मुंबईत नंदाचं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी दवाखान्याच्या त्याच जिन्यावर धडधड पावलं वाजली. आई मागून "हळू गं, हळू!" करतेय आणि नंदा पुढे, पळत. धाप नाही की काही नाही! ताईंच्या समोर उभी राहून तिने आ केला. हिरडीतून नवी दाढ डोकावत होती. मग तिने ताईंना तोंड उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

"बाई, तुमची नाय आली अजून?"

"येईल गं," ताई म्हणाल्या, "मला जरा उशीर लागतो."

ती नंदा आता बालवाडीत शिकवते आणि पोरांकडून चुळा भरून घेते. ताईंच्या एकसष्टीचा पहिला पेढा तीच भरवणार आहे, तांब्या जवळ ठेवून. ताई, नंदा अजून वाट बघतेय. ती दाढ उगवेपर्यंत तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो.